आधी सुईणीचा पगार काढा!



मुंबई-पुण्याच्या बाजारात एक नवा माल आलाय. नाव डूला. डूला म्हणजे बाळंतपणात बाईच्या उशाशी बसणारी बाई. ती नाळ कापत नाही, इंजेक्शन टोचत नाही, औषध देत नाही. कळा आल्या की पाठ चोळते, हात धरते, घोटभर पाणी पाजते, डॉक्टर इंग्रजीत काय पुटपुटला ते समजावून सांगते. सातव्या महिन्यापासून पोर अंगावर प्यायला लागेपर्यंत सोबत. याचं पॅकेज असतं, हजारो रुपयांचं. पवईत, कोथरूडला परवडतं. कुडाळच्या बौद्धवाडीत परवडत नाही.

शब्द ग्रीक आहे. डाना राफाएल नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईने तो १९७३ साली आपल्या पुस्तकात वापरला आणि तिथून तो जगभर गेला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ काय? दासी. गुलाम बाई.

म्हणजे शब्द बरोबर आमच्याच पत्त्यावर आला म्हणायचा. फक्त येताना किंमत वाढवून आला.

माझी आजी सुईण होती. कुडाळ तालुक्यातल्या एका गावची. मालवणीत वैजीण पण म्हणतात. रात्री-अपरात्री कंदील घेऊन कोणाचा तरी गडी यायचा, खळ्याबाहेर उभा राहून तिला नावाने हाक मारायचा. वरच्या वाडीतल्या कोणी तिला काकी, मावशी, आजी म्हटल्याचं माझ्या आईला आठवत नाही. सहा वर्षांचं शेंबडं पोर पण एकेरी नावाने हाक मारी. ती मात्र पंधरा-सोळा वर्षांच्या सुनेला ‘वयनीबाय’ म्हणायची.

घरात शिरायचं ते परसातून. बाळंतिणीची खोली गोठ्याला लागून. त्या खोलीत माझ्या आजीचा विटाळ चालायचा, कारण तिथे सगळाच विटाळ. सोयर म्हणजे घर दहा दिवस बाटलेलं. बाटलेल्या घरात बाटलेली बाई, हिशेब सरळ. ती पाठ चोळी, पोट चोळी, ‘घाबरां नको गे बाय, मी हय आसंय’ म्हणत रात्र काढी. पोर खाली आलं की नाळ कापायची, वार पुरायची, रक्ताची फडकी व्हाळावर नेऊन धुवायची. सगळी घाण तिची. सोयर फिटलं की ओटीला पाय लावायचा नाही.

जरा विचार करा. त्या पोराच्या अंगाला माणसाचा पहिला हात लागला तो महारणीचा. तेच पोर मिसरूड फुटल्यावर तिच्या हातचं पाणी पीत नव्हतं. मनूचं सगळं शास्त्र त्या एका खोलीत उताणं पडतं, आणि दहा दिवसांनी आंघोळ करून पुन्हा उभं राहतं.

मजुरी काय? मुलगा झाला तर पायलीभर भात, एक नारळ, एखादं विरलेलं लुगडं. मुलगी झाली तर अर्धी पायली. पोर मेलं तर शिव्या.

गावगाड्यावर बोलणारे विद्वान बारा बलुत्यांची यादी घडाघडा म्हणतात. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, महार, मांग. त्या यादीत सुईण दाखवा. नाही सापडणार. बलुतं ही गुलामी होती, पण निदान नोंद होती, खळ्यावरचा हिस्सा होता, भांडायला जागा होती. महार वतन कायद्याने खतम केलं १९५८ साली. बाबासाहेब त्यासाठी १९२८ पासून झगडले होते. सुईणीचं काम वतन पण नव्हतं. बाईचं काम, विटाळाचं काम, ते कशाला कोण कागदावर लिहील? जे लिहिलंच नाही ते खतम कसं होणार? ते नुसतं रूप बदलतं.

आजचं रूप बघा. २००५ साली सरकारने ‘आशा’ आणली. गावातली बाई. पोटुशी बायांची नोंद ठेवते, लोहाच्या गोळ्या देते, गाडी बोलावते, दवाखान्यात घेऊन जाते. सरकार तिला काय म्हणतं? स्वयंसेविका. कामगार म्हटलं तर पगार द्यावा लागेल ना! म्हणून मानधन, म्हणून केसमागे भत्ता. २०२३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा २०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या, आझाद मैदानात बसल्या, ते काही हौस म्हणून नाही. आजीच्या पायलीला मागल्या दाराचा मान होता, हिच्या मानधनात नावापुरता मान आणि नावापुरतं धन. आणि एवढं करून, कळा सुरू झाल्या की लेबर रूमचं दार आशाच्या तोंडावर बंद होतं. ती बाहेर बाकड्यावर.

आत काय चालतं ते आता ऐका.

माझ्या धाकट्या बहिणीचं पहिलं बाळंतपण. कोकणात पहिलटकरीण माहेरी येते, तशी ती नालासोपाऱ्याहून गावी आली. सरकारी दवाखाना, नाव सांगत नाही. केसपेपर काढताना विचारलं, आडनाव? कदम. कदम मराठ्यात आहेत, आमच्यात पण आहेत. मग लगेच पुढचा प्रश्न: ‘वाडी खंयची?’ शहरात वाढलेल्या दोस्तांनो, कोकणात जात असं कोणी विचारत नाही. वाडी विचारतात. २०२० च्या डिसेंबरात सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. समतानगर म्हणा, भीमनगर म्हणा. म्हणा की. विचारणाऱ्याला नवी नावं पण पाठ झालीत.

नऊ तास ती आत एकटी. आई बाहेर. पाणी मागितलं तर नंतर. ओरडली तर मांडीवर चापट आणि वर ते ठेवणीतलं वाक्य: ‘तेव्हा नाही ओरडलीस ती?’ हे वाक्य तिने एकटीनेच ऐकलेलं नाही. तुमच्या आईला, बहिणीला, बायकोला विचारा. झाडूवाल्या बाईच्या लेकीला विचारा, नाक्यावरच्या बिगारणीला विचारा. सरकारी लेबर रूमची ही प्रार्थना आहे, देशभर एकाच चालीत म्हणतात.

आता कोणी म्हणेल, पोर सुखरूप झालं ना, मग रडता कशाला? सुखरूप झालं. त्याबद्दल डॉक्टरला, नर्सला, त्या लाल दिव्याच्या गाडीला सलाम. मी घरी बाळंत व्हा म्हणत नाही. जुन्या सुईणीच्या नावाने गळा काढणाऱ्यांपैकी मी नाही. बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’ वाचा. महारवाड्यातली बाळंतपणं कशी होत, बाळंतिणीच्या पोटात घालायला घरात दाणा कसा नसे, कोवळ्या पोरी कशा मरत, ते त्यात लिहिलंय. ते दिवस परत आणायचे असतील तर ते भजनी मंडळवाल्यांनी आणावेत, आम्हाला नकोत. आम्हाला रक्त हवं, भूल हवी, सर्जन हवा, सगळं हवं. आणि उशाशी माणूस पण हवं. दोन्ही एकदम मागायला आम्हाला कोणाची बंदी आहे?

उशाशी माणूस असणं म्हणजे लाड, असं समजणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १९८० साली ग्वाटेमाला देशातल्या सोशल सिक्युरिटीच्या दवाखान्यातला एक प्रयोग छापून आला. बाया गरीब, पहिलटकरणी, कळा सोसायला एकट्या. त्यातल्या काहींच्या जवळ एक अनोळखी बाई बसवली. डॉक्टर नाही, नर्स नाही, शिकवून तयार केलेली पण नाही. पाठ चोळायची, हात धरायचा, बोलत राहायचं, इतकंच. जिथे एकटीला सरासरी १९ तास लागत होते तिथे सोबत असलेलीला ९ तासांच्या आत बाळ झालं. पुढे अशा प्रयोगांचा ढीग लागला. २०१७ साली १७ देशांतल्या २६ चाचण्या, १५ हजारांवर बाया, असा सगळा हिशेब एकत्र मांडला गेला: सोबत असली की सिझेरियन कमी होतात, वेळ कमी लागतो, बाईच्या मनात कडू आठवण कमी राहते. ग्वाटेमालाच्या फाटक्या बायांनी सिद्ध केलेलं शास्त्र आज पवईत पॅकेज म्हणून विकलं जातंय. आणि आमच्या देशात खाजगी दवाखान्यात शंभरातली ४७ बाळंतपणं सिझेरियनने होतात, हा सरकारच्याच २०१९-२१ च्या पाहणीचा आकडा आहे. सरकारी दवाखान्यात १४. पोटाला चीर पडली की बिल फुगतं. हात धरण्याचं बिल कोण काढणार?

सरकारला हे माहीत नाही असं नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या आरोग्य खात्याने सांगितलं की सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ एक सोबतीण राहू द्या. अट अशी की ती बाई नात्यातली असावी, स्वतः बाळंतपण भोगलेली असावी. चांगलं आहे. पण किती आयांना हे माहीत आहे? किती लेबर रूमच्या दारावर हे मराठीत लिहिलंय? खाटेला खाट चिकटलेली, मध्ये पडदा नाही, म्हणून दुसरी बाई आत घेता येत नाही, असं सांगतात. मग पडदा लावा! पडद्याला काय वर्ल्ड बँकेचं कर्ज पाहिजे?

आणि जिला नात्यातली बाईच नाही तिचं काय? कुडाळ म्हणजे आता नुसते मालवणी बोलणारे राहिले नाहीत. चिरेखाणीत कर्नाटकातून आलेली कुटुंबं आहेत. आंब्याच्या बागांत नेपाळी राखणदार बायकापोरांसह राहतात. खाणीवरची कानडी बाई कळा देताना कोणत्या भाषेत ओरडणार? तिला ‘आता जोर लाव’ कोण सांगणार? मुंबईत तर विचारूच नका. एका वॉर्डात भोजपुरी, तमिळ, बंगाली, उर्दू, वडारी, आणि सगळ्यांवर ओरडायला एकच हिंदी. आपली भाषा बोलणारी, आपल्या पेजेला आणि कुळथाच्या पिठीला नाक न मुरडणारी, आपली वाडी ऐकून हात मागे न घेणारी बाई उशाशी असणं, हा मुद्दा भाषेचा आहे तितकाच जातीचा आहे.

इथे सावध राहा. ‘आपली माणसं’ हा शब्द दुधारी आहे. उद्या सदाशिव पेठ म्हणेल, आम्हाला पण आमच्याच जातीची सोबतीण द्या, संस्कृती जुळली पाहिजे. त्यांच्या तोंडी संस्कृती म्हणजे सोवळं. म्हणून मी सरळ सांगते. निवड करायचा हक्क त्या खाटेवर पडलेल्या बाईचा, ज्या बाईला आजपर्यंत निवड कधी मिळालीच नाही तिचा आधी. आणि हे काम कोणत्या जातीच्या बाईने करायचं याचा शिक्का आता कोणाच्याही कपाळावर नको. माझ्या आजीची नात म्हणून मी सुईण व्हायचं, हे मला कबूल नाही. भटा-मराठ्यांच्या पोरींनी पण यावं, बाळंतिणीची घाण काढावी, रात्र जागावी, पगार घ्यावा. मग जुळणी कसली ते बघू.

आता पैशाचं बोलू, कारण पैशाशिवाय बोलणं म्हणजे कीर्तन.

खाजगी विम्याची पॉलिसी उलटी-सुलटी करून बघा. बाळंतपणाला बहुतेक ठिकाणी आधी वाट बघायची, कुठे दोन वर्षं, कुठे त्याहून जास्त. पोर काय विमा कंपनीला विचारून राहतं? सोबतिणीच्या नावाने तर कलमच नाही. सरकारी बाजू बघा. जननी सुरक्षा योजनेत आमच्या गावातल्या बाईला ७०० रुपये, शहरातलीला ६००. २०१३ पर्यंत महाराष्ट्रात तिसऱ्या खेपेला ते पण नव्हते. जणू तिसऱ्या खेपेला कळा येत नाहीत. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषध, जेवण, गाडी फुकट, हे कागदावर आहे आणि बरंचसं खरं पण आहे. पण उशाशी बसणारीसाठी एक छदाम नाही.

आणि सगळ्यात मोठी योजना कोणाच्या नावाने? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. हजाराहून जास्त उपचार, कुटुंबाला पाच लाखांपर्यंत संरक्षण. यादी लांबलचक आहे. हृदय आहे, किडनी आहे, कॅन्सर आहे. सोबतीण नाही. अरे, ज्याचं नाव लावता त्याने काय केलं होतं ते तरी वाचा! १८६३ साली जोतिबा आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांना सांगितलं, इथे या, गुपचूप बाळंत व्हा, कोणी नाव-गाव विचारणार नाही. काशीबाई नावाच्या विधवेचं पोर त्यांनी १८७४ साली दत्तक घेतलं, त्याचं नाव यशवंत. शूद्राच्या घरी ब्राह्मण बाई निर्भयपणे बाळंत झाली. वाडी विचारली नाही. आज दीडशे वर्षांनी त्याच जोतिबाच्या नावाचं कार्ड हातात घेऊन आमची बाई दवाखान्यात जाते आणि तिला वाडी विचारतात!

सिंधुदुर्गात आणखी एक नाटक आहे. केस अडली की कुडाळहून ओरोस, ओरोसहून बांबोळी. जिल्हा महाराष्ट्राचा, जीव गोव्याच्या भरवशावर. २०१८ च्या जानेवारीत गोव्याने बाहेरच्या रुग्णांना फी लावली तेव्हा दोडामार्गची माणसं रस्त्यावर उतरली, मगच आमचे मंत्री जागे झाले. विम्याला हद्द असते, वेदनेला नसते. अँब्युलन्समध्ये त्या तासा-दोन तासांच्या खडबडीत अंधारात बाईचा हात धरायला कोण असतं? ही पण सोबतिणीचीच जागा आहे.

परदेशात काय चाललंय? १९७२ साली ज्यांचं नाव घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्या काळ्या माणसांकडे बघा. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या सुईणींनी पिढ्यान्‌पिढ्या काळ्यांची पोरं काढली आणि गोऱ्यांची पण. त्यांना ‘ग्रॅनी’ म्हणत. मग सरकार आलं, त्यांच्या पिशव्या तपासल्या, त्यांना अडाणी, घाणेरड्या ठरवलं, हळूहळू परवाने बंद केले. अलाबामा राज्यात १९७६ च्या कायद्याने कारभार आटोपला. ओनी ली लोगन ही तिथल्या मोबील शहरातली सुईण. तिची कहाणी १९८९ साली पुस्तक होऊन आली. आज त्या देशात बाळंतपणापायी काळ्या बाया गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट मरतात. तेव्हा काळ्या बायांनीच पुन्हा आवाज उठवला, आमच्या माणसांतल्या डूला द्या आणि पैसे सरकारी विम्याने द्या. ऑरेगन आणि मिनेसोटा राज्यांनी आधी मान्य केलं, कॅलिफोर्नियाने २०२३ च्या जानेवारीपासून, न्यूयॉर्कने २०२४ साली. पूर्ण जिंकले? नाही. दर कमी, कागदपत्रांचा डोंगर, म्हणून डूलाच नोंदणीला कचरतात. पण लढाई कुठवर नेता येते ते त्यांनी दाखवलं. विम्याच्या यादीत नाव घालून भागत नाही, पोट भरेल इतका दर पण लढून घ्यावा लागतो.

आणि आपल्याकडे हा विचार उसना आणायची गरजच काय? २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं तेव्हा बाबासाहेब उभे राहिले. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि हा भार खरं तर बराचसा सरकारने उचलायला हवा, असं त्यांनी मांडलं. १९२९ साली कायदा झाला. ते मजूरमंत्री असताना १९४४ साली कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल आला, त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा झाला. बाळंतपण हा बाईचा खाजगी भोग नाही, त्याचा खर्च समाजाने उचलायचा, हे आपल्या बापाने सांगून ठेवलंय. मग आपण का गप्प?

का गप्प ते मी सांगते. कार्यकर्ते हो, राग मानू नका, आणि मानायचा तर माना. नामांतरावर आपण बोललो, आरक्षणावर बोललो, ॲट्रॉसिटीवर बोललो. लेबर रूमवर एक तरी ठराव झालाय? बायको आत किंचाळत असते आणि आपला क्रांतिवीर बाहेर पानटपरीवर मार्क्स आणि बुद्ध यांचा मेळ घालत असतो. बाळंतपण म्हणजे बायांचं काम, हे कोणी शिकवलं तुम्हाला? त्याच मनूने. बारा बलुत्यांच्या यादीत सुईण नव्हती आणि चळवळीच्या मागण्यांच्या यादीत पण नाही. दोन्ही याद्या पुरुषांनी लिहिल्या.

तेव्हा यादीत घाला:

एक. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात, प्रत्येक पालिका प्रसूतिगृहात पगारी सोबतीण नेमा. मानधन नको, भत्ता नको, महिन्याचा पगार, रजा, पेन्शन. आणि तिला डूला म्हणू नका. दासी हा शब्द आम्ही परत घरात घेणार नाही.

दोन. फुले योजनेच्या यादीत सोबतिणीचा खर्च वेगळं कलम म्हणून घाला. खाजगी दवाखान्यात गेलेल्या गरीब बाईला पण ती मिळाली पाहिजे.

तीन. सोबतीण बाळंतिणीची भाषा बोलणारी हवी. कुडाळात मालवणीबरोबर कानडी आणि नेपाळी. भरती सगळ्या जातींना खुली. हे काम जन्माने कोणाला चिकटवायचं नाही.

चार. २०१६ चा सोबतिणीचा हक्क प्रत्येक लेबर रूमच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहा. शेजारी तक्रारवही टांगा.

पाच. ज्या म्हाताऱ्या सुईणी अजून जिवंत आहेत त्यांची गावोगाव नोंद करा आणि त्यांना निवृत्तिवेतन द्या. ही दया नाही. ही थकबाकी आहे.

माझी आजी थकबाकी न घेताच गेली. तिने किती पोरं काढली याचा आकडा कोणाकडे नाही, कारण तो लिहायची कोणाला गरज वाटली नाही. पण तिच्या हाताने जगात आलेले कितीतरी जण आज सत्तरीत आहेत, कोणी सरपंच झाला, कोणी शाळामास्तर म्हणून रिटायर झाला, कोणी गणपतीला गावी येऊन भाषण ठोकतो. त्यांच्यापैकी एकाला तरी विचारा, तुझी नाळ कोणी कापली? नाव माहीत असेल. काकी, मावशी न लावता घेईल.

येत्या महिन्यात आपापल्या वॉर्डातल्या प्रसूतिगृहात जा. गावी गेलात तर कुडाळला जा, ओरोसला जा. दारावर २०१६ चा आदेश लावलाय का बघा. नसेल तर कागदावर लिहा, डिंक घ्या आणि तुम्हीच चिकटवा. फाडला तर पुन्हा चिकटवा. बाकीच्या चार मागण्या घेऊन मग आपण दिवसाढवळ्या, पुढच्या दाराने आत जाऊ.

जय भीम!